सवतीचा टाक

सुंदरीच्या गळ्यात सवत होती. बोलण्यात म्हणतात तशी नव्हे. खरीखुरी, चांदीची, अंगठ्याच्या पेराएवढी, मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली. अप्पारावांची पहिली बायको कामाक्षी तापाने गेली आणि वर्ष फिरायच्या आत सुंदरीला दुसरेपणावर त्या घरात आणलं. बोहल्यावरच सासूने तो टाक तिच्या गळ्यात बांधला. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती: जोडलेले हात, लुगड्याचा काठ, कपाळावर कुंकवाचा ठिपका. मेलेल्या पहिलीला असं दुसरीच्या उरावर बसवायची आपल्या लोकांत रीत आहे. तंजावरच्या राजाबरोबर आपली माणसं कावेरीकाठी आली तेव्हा पुरणपोळी घेऊन आली, गोंधळ घेऊन आली आणि हेही घेऊन आली. पुढे राज्य बुडालं, सरकारने तंजावर खालसा केलं, कुंभकोणात आगगाडी आली, कॉलेज आलं. रीत मात्र जिथल्या तिथे.

आणि रीत म्हणजे नुसतं गळ्यात घालून सुटका नाही. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. हळदकुंकू आधी तिला, मग हिला. गोडधोड केलं तर पहिला घास तिच्या नावाने. सुंदरीने यातलं काही चुकवलं नाही, उलट भीतीपोटी चार गोष्टी जास्तच केल्या. दर शुक्रवारी चिंच आणि राख घेऊन ती टाक घासायला बसायची आणि लख्ख केल्याशिवाय उठायची नाही. चांदी ती, किती सोसणार? आधी लुगड्याचा काठ गेला, मग बोटं गेली, मग नाक. आता डोळ्यांचे दोन खळगे आणि कपाळावरचा ठिपका एवढंच तोंड उरलं होतं, तेही टाक उन्हात तिरका धरला तर.

“घासून घासून पोरीचं तोंड पुसलीस, गे,” असं सासू भागीरथीबाई एकदा म्हणाल्या होत्या. रागावून नाही, भाजी निवडता निवडता. पण ते वाक्य सुंदरीच्या पोटात जे जाऊन बसलं ते बसलंच. कारण घासताना आपला अंगठा नेमका तोंडावरच जोराने दाबला जातो की काय, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

कामाक्षीची मुलगी वत्सला आता बारा वर्षांची झाली होती. आईची म्हणून तिच्याजवळ तेवढा टाक, बाकी काही नाही. फोटोबिटो काढायची चाल तेव्हा कुंभकोणात कुठली असायला? वत्सला सुंदरीला अक्का म्हणायची. दोघींच्या वयांत फार तर दहा वर्षांचं अंतर, त्यामुळे हाक चपखल बसली होती आणि कुणी बदलली नव्हती.

तर या वत्सलाचं लग्न ठरत होतं. मुलगा आडुतुरैचा, जानकीराम नावाचा, तालुक्याच्या कचेरीत कारकून. मुलगा म्हणायचं आपलं. पस्तिशीचा बिजवर, पहिली बायको आदल्या साली वारलेली. भागीरथीबाईंना स्थळ पसंत होतं. घरची भाताची शेतं, माणसं आपल्यातली. या मुलखात आपल्यातली घरं आहेत किती, सांगा पाहू. दसऱ्याला दुपारच्या गाडीने आडुतुरैची मंडळी येणार आणि निश्चयाचे विडे व्हायचे होते. आई नसलेल्या मुलीच्या निश्चयाला आईचा टाक विड्याच्या पानावर ठेवून बापाच्या शेजारच्या पाटावर बसवायचा असतो. येणाऱ्या बायका काय करणार? वाकून बघणार. आणि बघून म्हणणार, दुसरीने पहिलीला पार पुसून टाकलं की हो.

टाक नवा करून घ्यावा, तर ठसे असलेला तंजावरचा म्हातारा सोनार मरून गेलेला. कुंभकोणातला नटराज पत्तर, म्हणजे इथला तमिळ सोनार, म्हणाला, “अंबाळदेवीचं तोंड घालून देतो, हातावर पोपटही बसवतो.” भागीरथीबाई म्हणाल्या, “माझी सून काय मदुरैची मीनाक्षी आहे?” आणि टाक परत घेऊन आल्या.

तेव्हा अप्पारावांच्या डोक्यात ते विजेचं आलं. अप्पाराव नदीपलीकडच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. माणूस सरळ, हुशार, पण एकदा डोक्यात काही शिरलं की पायाला भिंगरी. “विजेने चांदी चढवू,” ते म्हणाले. “आहे त्या तोंडावर नवी चांदी बसेल. टाक जाड होईल, खळगे उठून दिसतील. ठोकाठोकी नाही, वितळवणं नाही.” आता जाड झालेल्या पत्र्यावर गेलेलं नाक परत कसं येणार, हे सुंदरीला विचारावंसं वाटलं होतं. पण आशा काय तिलाही होतीच, म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं.

नवरात्राच्या आधी एका रविवारी त्यांनी मागच्या पडवीत तालीम करून पाहिली. तांब्याची दोन भांडी, त्यांत मोरचुदाचं निळं पाणी, प्रत्येकात एक बिनझिलईचा भाजक्या मातीचा पेला, पेल्यात आम्लाचं पाणी आणि जस्ताची कांडी. ही झाली वीज करायची सोय. तिच्यातून सूत गुंडाळलेल्या दोन तारा निघून एका काचेच्या भांड्यात जात होत्या. त्या भांड्यात चांदी विरघळवलेलं सायनाइडचं विषारी पाणी. एका तारेला चांदीचा पत्रा टांगला, दुसरीला पितळेचा चमचा. बघता बघता चमचा पांढरा झाला. सुंदरी लांबून बघत होती. अप्पाराव खुशीत होते, त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“जे झिजतं तो अ‍ॅनोड,” ते म्हणाले. “जे वाढतं तो कॅथोड. एवढं धरून ठेव, बाकीचं सगळं यातूनच निघतं. पत्रा झिजतोय, म्हणजे तो अ‍ॅनोड. चमच्यावर चढतंय, म्हणजे तो कॅथोड.”

“आणि तारा उलट लागल्या तर?”

“तर चमचा झिजेल आणि पत्र्यावर चढेल. म्हणून तर खूण करतोय.” त्यांनी चमच्याच्या तारेच्या टोकाला चिमूटभर कुंकू ओलं करून लावलं. “कुंकवाची तार टाकाला. विषय संपला.”

विषय कुठला संपतोय? खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक अवजार धुऊनपुसून पुजायचं. इथले तमिळ लोक आयुधपूजा म्हणतात, आपण खंडेनवमी, काम तेच. भागीरथीबाई गंधाची वाटी आणि कुंकवाचा करंडा घेऊन सगळ्या घरभर फिरल्या. विळी, पाटा, वरवंटा, रहाट, अप्पारावांची छत्री, आणि मागच्या पडवीतला तो सगळा सरंजाम. भांड्यांना लावलं, पेल्यांना लावलं, जस्ताच्या कांड्यांना लावलं, आणि दोन्ही तारांच्या दोन्ही टोकांना पुसून स्वच्छ करून गंधावर ठसठशीत कुंकू लावलं. म्हातारीचं काम कधी अर्धवट नसे. पुस्तकं सगळी देवघरात, पाटावर रचून, वर रेशमी वस्त्र घालून. सरस्वती बसली ती बसली. दसऱ्याला उपाध्ये येऊन उठवीपर्यंत पान उघडायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी अप्पाराव पडवीत आले आणि दोन्ही तारा हातात घेऊन उभेच राहिले. दोन्ही लाल.

“आई, माझं रसायनाचं पुस्तक काढू का जरा?”

“नक्को,” आतून उत्तर आलं. “उपाध्ये येऊं देत.”

“एकच पान बघायचंय.”

“एक पानही सरस्वतीच, की नाही?”

सुंदरी दाराशी उभी होती. सकाळपासून ती एका जागी ठरत नव्हती. स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून विहिरीवर. गळा मोकळा होता, कारण टाक काढून त्याला नवी तार बांधली होती, आणि तो मोकळेपणा तिला सोसवत नव्हता. हात सारखा गळ्याकडे जाई, काही सापडत नसे, खाली येई. इतक्या वर्षांत आंघोळीलाही तो टाक गळ्यातून निघाला नव्हता. शुक्रवारी घासायचा तोही दोऱ्यासकट, मान वाकवून.

“ठीक आहे, पुस्तक कशाला हवंय,” अप्पाराव स्वतःशीच म्हणाले. “मी हे पोरांना दरसाल सांगतो. या भांड्यात झिजतं काय? जस्त. म्हणजे जस्त हा अ‍ॅनोड. बरोबर? आणि तिकडे झिजायचं काय आहे? पत्रा. तोही अ‍ॅनोड. मग अ‍ॅनोडची तार अ‍ॅनोडला. जस्ताची पत्र्याला, तांब्याची टाकाला.”

बोलणं इतकं सरळ होतं की त्यात खोट कुठे असेल असं वाटेना. तरी सुंदरीच्या मनात काहीतरी टोचलं. “त्या दिवशी चमचा मातीच्या पेल्याकडच्या तारेला होता, असं मला…”

“तुला आठवतंय का नक्की?”

तिला नक्की आठवत नव्हतं. “नाही,” ती म्हणाली.

“मग राहू दे. दुपारी गाडी येतेय आणि अजून उपाध्ये आणायचे आहेत, फुलं आणायची आहेत, पानं आणायची आहेत.” त्यांनी तारा जोडल्या, टाक त्या पाण्यात सोडला, समोर पत्रा सोडला. “इथे बस. कावळ्यामांजराला येऊ देऊ नकोस. आणि हात लावायचा नाही, विष आहे. मी आलोच.” छत्री काखेत मारून ते गेले.

सुंदरी पाटावर बसली. उठली. परत बसली. काचेच्या भांड्यात तिची सवत तारेला लोंबत होती आणि तिच्यासमोर चांदीचा पत्रा. काही होत नव्हतं. ना बुडबुडा, ना आवाज. पाण्याला कडू बदामासारखा वास येत होता, म्हणून तिने पदर नाकाला लावला.

पत्रा जुन्या अत्तरदाणीतून कापलेला, कडा काळवंडलेल्या. थोड्या वेळाने तिला वाटलं, या काळ्या कडा पांढऱ्या दिसतायत. डोळे चोळून तिने परत बघितलं. खरंच, कडेवर बारीक पांढरी रवाळ साय धरली होती. चमच्यावर धरली होती तशी. आणि टाक? टाकावर साय नव्हती. टाक मळका, खडबडीत दिसत होता, आणि ज्या कडीत तार अडकवली होती ती कडी आधी होती त्याहून बारीक होती.

जे झिजतं तो अ‍ॅनोड.

 उलट झालं होतं. तारा उलट लागल्या होत्या. कामाक्षी झिजत होती आणि पत्रा वाढत होता. उठून एक तार सोडवायची, बस्स. पडवीच्या कोपऱ्यात लाकडी उलथणं पडलेलं होतं, विषाला हात लावायचीही गरज नव्हती.

ती उठली नाही.

आता का उठली नाही, हे सांगायला सोपं आहे आणि ऐकायला अवघड. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: हात लावू नकोस असं ते सांगून गेलेत. मग आलं: मी नाही जोडल्या तारा, त्यांनी जोडल्या. मग हळूच तिसरं आलं, आणि ते आलं तेव्हा पहिली दोन नुसती त्याच्या पुढे चालणारी भालदार-चोपदार होती हे तिला कळलं. जाऊ दे की. तासाभरात पाण्यात विरघळून जाईल. कुणी मला बोल लावणार नाही. उद्या नवं लुगडं नेसेन आणि कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्याच्या शेजारी निजताना आमच्या दोघांच्या मधे कुणी असणार नाही. तेरा वर्षांची होते तेव्हापासून ही माझ्या छातीवर बसली आहे. मी हसले तर हलते, रडले तर हलते.

ती गुडघ्यांना हातांची घट्ट मिठी घालून बघत राहिली. टाकाचा एक डोळा गेला. कपाळावरचा ठिपका फिकट झाला. आत चुलीवर भागीरथीबाईंनी भाताचं आधण ठेवलं होतं, त्याचा रटरट आवाज येत होता, मग तांदूळ वैरल्याचा, मग झाकण पडल्याचा.  ठिपका गेला.

“अक्का, बघ.” वत्सला नवं रेशमी परकर-पोलकं घालून, वेणीत मोगरा माळून दारात आली होती. कुणीतरी तिच्या डोळ्यांत भरपूर काजळ घातलं होतं. तिने भांड्याकडे लांबूनच बघितलं. “आईचं तोंड आलं का?”

“अजून नाही.”

वत्सला उंबऱ्यावर टेकली. तिचीही आज चुळबुळ चालली होती. परकराची किनार बोटाला गुंडाळायची, सोडायची. “अक्का, मलाही घालतील ना? आडुतुरैच्या त्या बाईचा?”

“हो.”

“तिचं नाव काय होतं?”

“मला ठाऊक नाही गे.”

“गळ्यात घालायची आणि नाव ठाऊक नाही?” वत्सलाला ते विचित्र वाटलं. मग तिने विचारलं, “टोचतं का?”

“नाही,” सुंदरी म्हणाली. “सवय होते.”

ते तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिची तीच दचकली. तिला या घरात आणलं त्या दिवशी कुठल्यातरी चुलत सासूने हेच, याच आवाजात तिला सांगितलं होतं. सवय होते. काय झाली सवय? ही झाली, जी आत्ता या पाटावर बसली होती. सुंदरी ताडकन उठली, कोपऱ्यातलं उलथणं घेतलं आणि टाकाची तार उचलून भांड्याबाहेर काढली. विषाचे थेंब फरशीवर पडले. “मागे हो,” ती वत्सलाला म्हणाली. “पाय लागू देऊ नकोस.”

अप्पाराव फुलं आणि उपाध्ये घेऊन आले, तेव्हा टाक ताटलीत होता आणि सुंदरी त्याच्यावर घागरीने पाणी ओतत होती.

“काढलास का?”

“उलट चाललं होतं.”

“उलट कसं असेल? मी विचार करून जोडलंय.” त्यांनी टाक ओल्या फडक्यात उचलला. “हा बघ, उजळलाय.”

“उजळला नाही, झिजलाय. पत्रा बघा.”

त्यांनी वाकून पत्रा बघितला. पण मास्तर माणूस. डोळ्यांनी बघितलेलं डोक्याने मानायला वेळ लागतो. “पुस्तक,” ते पुटपुटले. देवघरात उपाध्यांचा संकल्प नुकता सुरू झाला होता, सरस्वती उठायला अवकाश होता. मग त्यांना दुसरं सुचलं. “हळद आण. आणि मीठ. आणि पांढरं फडकं.”

हळदीच्या खारट पाण्यात त्यांनी फडकं भिजवलं, पाटावर पसरलं. दोन्ही तारांची टोकं घासून कुंकू पुसलं आणि थोडं अंतर ठेवून फडक्यावर टेकवली. “कॅथोडपाशी क्षार सुटतो,” ते म्हणाले, “आणि क्षाराने हळद लाल होते. घरी कुंकू करताना होते तशीच. जिथे लाल होईल, त्या तारेला टाक बांधायचा. हे खोटं बोलणार नाही.”

तिघंही वाकून बघत होते. एका तारेखाली हिरवट डाग पडला. दुसरीच्या टोकाशी बारीक फेस आला, आणि फेसाभोवती हळद तांबूस झाली, मग लाल, पसरत गेली. अप्पारावांनी ती लाल तार बोटाने मागे मागे नेत तपासली. ती मातीच्या पेल्यातून, जस्ताकडून आली होती. त्यांनी टाक बांधला होता दुसरीला.

ते खाली बसले. बोलले ते सुंदरीशी की स्वतःशी, कळेना. “पाणी दोन आहेत. मी एकच धरलं. वीज ज्या टोकाने पाण्यात शिरते तो त्या पाण्याचा अ‍ॅनोड, जिथून बाहेर पडते तो कॅथोड. पहिल्या भांड्यात ती जस्तापाशी शिरते, तांब्यापाशी बाहेर पडते. आणि तांब्यापासून निघाली की तारेतून तिकडे जाऊन दुसऱ्या पाण्यात शिरते. म्हणजे इथल्या कॅथोडची तार तिथल्या अ‍ॅनोडला. घराच्या दारातून बाहेर पडलं की आपण रस्त्यात शिरतोच ना, तसं. आणि मी अ‍ॅनोडला अ‍ॅनोड बांधून मोकळा.” त्यांनी कपाळावर हात मारला. “दरसाल सांगतो मी हे. दरसाल.”

मग त्यांनी तारा बदलल्या. लाल तार टाकाला, हिरवी पत्र्याला. टाक परत पाण्यात गेला. या खेपेला पत्र्यावरची साय ओसरू लागली आणि टाकावर पांढरा थर चढू लागला. सुंदरी जवळच उभी होती, एकदाही बसली नाही. गेलेली चांदी परत येत होती, त्याहून थोडी जास्तच येत होती. पण चांदीला काय ठाऊक, आपण आधी कुठे डोळा होतो आणि कुठे ठिपका? ती सगळीकडे सारखी बसत होती.

जेवणाची पानं मांडायच्या सुमाराला भागीरथीबाई हात पुसत बाहेर आल्या. उपाध्ये दक्षिणा घेऊन गेले होते. अप्पारावांनी टाक धुऊन, पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. जाड, पांढराशुभ्र आणि पळीच्या पाठीसारखा गुळगुळीत. म्हातारीने तो उजेडाकडे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

“तोंड कुठे आहे?”

“माझ्या हातून गेलं, आई. मी तारा उलट्या जोडल्या.”

भागीरथीबाईंची नजर सुंदरीकडे वळली. “ही इथंच बसली होती की.”

“ती काय करणार? हात लावू नकोस म्हणून मीच सांगून गेलो होतो. उलट तिनेच काढला म्हणून एवढा तरी राहिला.”

झालं, सुटली असती सुंदरी. नवऱ्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. तिने फक्त गप्प राहायचं होतं, ज्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

“मला दिसलं होतं,” ती म्हणाली. “झिजतेय ते मला आधीच दिसलं. मी उठले नाही. बघत बसले.”

 अप्पारावांनी मान वर केली आणि परत खाली घातली. भागीरथीबाई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या, टाक मुठीत तसाच.

“किती वेळ?” वत्सलाने विचारलं.

सुंदरीला तिच्याकडे बघवेना, तरी तिने बघितलं. “आधण ठेवल्यापासून भातावर झाकण पडेपर्यंत.”

वत्सलाने आजीची मूठ सोडवून टाक आपल्या हातात घेतला. बोटाने तो पुसून बघितला, जिथे डोळे होते तिथे. तिचं काजळ ओघळलं होतं. पण आवाज शांत होता, वाढणाऱ्याला भात पुरे म्हणावं तसा. “तुझ्या जागी मी असते तर उठलेच नसते, अक्का.”

सुंदरी नवऱ्याकडे वळली. सासूसमोर ती त्यांच्याशी कधी सरळ बोलत नसे. “स्टेशनवर निघाला आहात ना? त्या लोकांना तिथूनच परत पाठवा.”

“काय म्हणतेस?”

“मुलगी दुसरेपणावर द्यायची नाही.”

“शब्द दिलाय, गे,” भागीरथीबाई म्हणाल्या. “विडे घरात आलेत. आणि आपल्यात दुसरं स्थळ आणशील कुठून?”

“शब्द तुम्ही दिलात, आत्याबाई. गळा हिचा आहे.”

“मला शिकवतेस?”

“नाही.” सुंदरी थांबली नाही. “या घरात आले तेव्हा मी हिच्याएवढीच होते. कुणी मरावं, कुणी पुसलं जावं असं मनात आणायचं मला ठाऊकसुद्धा नव्हतं. आज मी मेलेल्या बाईला पुन्हा मरताना बघत बसले. मी अशी नव्हते, आत्याबाई. तुम्ही मला आणलंत तेव्हा मी अशी नव्हते.”

 म्हातारीने नातीकडे बघितलं. वत्सला टाक दोन्ही हातांत धरून, कुणाला द्यावा हे न कळून उभी होती. सुंदरीने पुढे होऊन तो तिच्याकडून घेतला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि आपल्याच गळ्यात बांधला. तो आधीपेक्षा जड लागत होता.

अप्पारावांनी खुंटीवरची पगडी घेतली, छत्री घेतली आणि आईकडे बघत क्षणभर थांबले. मग ते गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी स्टेशनकडे निघाले. भागीरथीबाई त्यांना थांबवायला उठल्या नाहीत.